फणेरपेटीच्या झाकणावर लाकडाची चांदणी: सहावी कांडी बसत नाही, मदत हवी

सागवानी:

नमस्कार. आईकडे तिच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आजीची, फणेरपेटी आहे. सागाची, अकरा बाय आठ इंच, झाकणाला आतून आरसा, फणीला एक लांब कप्पा आणि शेजारी दोन चौकोनी कप्पे, एक कुंकवाच्या करंड्याचा, दुसरा मेणाच्या डबीचा. तळ भुंग्याने पोखरला आहे, बोट लावलं की पीठ गळतं. मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे. मामाकडून काय हवं असं विचारलं तर तिने ही पेटीच मागितली. आई ती हातची सोडणार नाही आणि सोडूही नये. म्हणून त्याच मापाची नवी करायला घेतली आहे. साग एका पाडलेल्या वाड्याच्या दाराचा मिळाला, चांगला मुरलेला. कोपऱ्यांचे सांधे, कप्पे, तळ सगळं मनासारखं झालं. अडलंय ते झाकणावर.

लहानपणी आम्ही दादरला राहायचो. शेजारच्या इमारतीत एक पारशी आंटी होत्या. त्यांच्या कपाटावर एक पेटी असायची. उघडली की चंदनाचा वास. झाकणावर बोटाच्या पेराएवढ्या जागेत काळे, पांढरे, हिरवे त्रिकोण, आणि मध्ये चकाकणारे बारीक ठिपके. त्या तिला बॉम्बे बॉक्स म्हणायच्या. मला तासन्‌तास ती बघत बसायची मुभा होती, हात लावायची नव्हती. पुढे कळलं की ह्या कामाला सादेली म्हणतात आणि ते इवलेसे त्रिकोण कुणी एकेक करून चिकटवलेले नसतात. वेगवेगळ्या लाकडांच्या लांब कांड्या करायच्या, त्यांची मोळी बांधून सरसाने जोडायची आणि मग आडव्या चकत्या कापायच्या. भेंडी चिरताना प्रत्येक चकतीत तीच चांदणी दिसते, तसं.

मला हेच करायचं आहे, फक्त लाकडात. सहा पाकळ्यांची चांदणी, प्रत्येक पाकळी म्हणजे समभुज चौकोन, बाजू ९ मिमी, टोकाचा कोन ६० अंश. तीन पाकळ्या काळ्या शिसवाच्या, तीन फिकट शिवणीच्या लाकडाच्या, एकाआड एक. फळी रंधून ७.८ मिमी जाडीची केली, करवतीचं पातं तिरकं लावून २०० मिमी लांबीच्या कांड्या कापल्या. सहा कांड्या एकत्र धरल्या तर पाच छान बसतात आणि सहावीच्या जागी फट राहते. जोरात बांधलं तर फट मिटते, पण मग मध्यावर टोकं एकमेकांवर चढतात. चार मोळ्या वाया गेल्या. कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने लावला होता. कुठे चुकतंय?

चिंचेचं पान:

फणेरपेटी हा शब्द किती वर्षांनी कानावर आला! पणजी आंघोळ झाली की पेटी उघडून पाटावर बसायची. आधी कपाळावर बोटाने मेण, मग त्यावर कुंकू, मग ओल्या फडक्याने कडा गोल करायच्या. तिच्या पेटीचा आरसा पारा उडून काळवंडला होता, तरी तिला त्यातच बघायचं असायचं. माझ्याकडे उत्तर नाही, पण हा धागा शेवटपर्यंत वाचणार आहे.

गुण्या:

सागवानी, चूक कोनमापकाचीच आहे, पण ती जितकी मोठी वाटते तितकी नाही. प्लॅस्टिकच्या कोनमापकावर अर्धा अंश डोळ्यांना दिसतच नाही. तोच अर्धा अंश सहा कांड्यांत सहा वेळा येतो. म्हणजे ३६० च्या जागी ३५७. तुमची बाजू ९ मिमी आहे, तर ३ अंशांची फट बाहेरच्या टोकाला जवळजवळ अर्धा मिमी भरेल. काळ्या-पांढऱ्या लाकडात अर्धा मिमी म्हणजे दरी.

दोन गोष्टी मोजून सांगा. एक, एका कांडीच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने, दोन्ही जोड्यांचं. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत, नाहीतर तो समभुज नाही. दुसरं, कांडीच्या दोन्ही टोकांना हेच माप. टोकांत फरक असेल तर कापताना फळी गाईडपासून सरकते आहे.

सागवानी:

मोजलं. जाडी ७.८, दुसरी जोडी ७.८ ते ७.९. टोकांत फरक नाही. म्हणजे बाजू ठीक, कोनच कमी आहे. फट बाहेरच्या टोकाला ०.४ भरते, तुमच्या हिशेबाच्या जवळ. पण अर्ध्या अंशाहून बारीक कोन मी लावू कसा? माझं यंत्र साधं आहे, पातं तिरकं करायचं चाक हाताने फिरवायचं.

गुण्या:

लावूच नका. कोन अचूक कापण्याचा नाद सोडा, चूक गोळा करून एका जागी आणा आणि तिथे ती तासून टाका.

सहा कांड्या एकदम जोडू नका. आधी तीन जोडा. तीन पाकळ्या म्हणजे अर्धी चांदणी, आणि तिची उघडी बाजू ही १८० अंशांची सरळ रेघ असायला हवी. ती रेघ सरळ आहे का हे बघायला कोनमापक लागत नाही, गुण्याची, म्हणजे सुताराच्या काटकोनाची, धार टेकवली की उजेड दिसतो. तशीच दुसरी अर्धी करा. दोन्ही वाळल्यावर त्यांच्या सपाट बाजू काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासा, १८० ला नेऊन थांबा. सरळ बाजूवर सरळ बाजू बसली की फट राहायला जागाच उरत नाही.

आता ह्यातली खरी मेख. कांड्या ६० पेक्षा केसभर जास्त कापा, कमी नको. जास्त असतील तर तीन मिळून १८० च्या थोडं पुढे जातात, म्हणजे अर्ध्या चांदणीच्या सपाट बाजूला मध्यावर खळगा आणि दोन्ही टोकांना उंची येते. घासताना टोकं उतरतात आणि मध्यबिंदूला पेपर टेकला की थांबायचं, मध्य जागच्या जागी राहतो. कमी कापल्या असतील तर उलटं होतं. मध्यावर उंचवटा येतो, तो घासला की पाकळ्यांची टोकंच कापली जातात आणि चांदणीच्या पोटात टोकाऐवजी बोथट तुकडे दिसतात. तुमच्या आत्ताच्या कांड्या कमी कोनाच्या आहेत, म्हणून त्या बाजूला ठेवा, दुसऱ्या कशाला तरी होतील.

वाकस:

गुण्यांनी सांगितलं ते बरोबर. आमच्या घरात चार पिढ्या सुतारकाम, मी स्वतः दहावीनंतर वडलांच्या हाताखाली शिकलो. सादेली आम्ही केली नाही, पण देव्हाऱ्याला शिसवाची नक्षी बसवायचो. हाताचं सांगतो.

शिसवाला तेल असतं. कापल्यावर दोन दिवसांनी डिंक लावला तर धरत नाही. लावायच्या दहा मिनिटं आधी थिनरच्या फडक्याने बाजू पुसा, पुसल्यावर फडकं तपकिरी होईल, ते तेल. शिवणीला हे लागत नाही.

क्लॅम्पने त्रिकोणी-चौकोनी कांड्या दाबल्या तर त्या निसटतात. सायकलची जुनी ट्यूब आणा, पंक्चरवाला देईल. बोटभर रुंद पट्टी कापा आणि ओढून ओढून मोळीवर गुंडाळा. सगळीकडून सारखा दाब बसतो. अर्ध्या चांदणीला मात्र खाली लाकडाचा सपाट ठोकळा द्या, त्यावर मेणकागद, मग मोळी, मग ट्यूब. फेव्हिकॉल पातळ हात मारा, दहा मिनिटांत सगळं बांधून झालं पाहिजे. रात्रभर हात लावू नका. पावसाळ्यात दोन रात्री.

आणि तोंडाला मास्क लावा. शिसवाच्या भुशाने माझ्या वडलांच्या हातावर पुरळ यायचं, रात्रभर खोकायचे. तेव्हा कुणी सांगितलं नाही.

जुनी मुंबई:

सागवानींनी त्या आंटींच्या पेटीचं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. ही कारागिरी मूळ इराणातली. शिराझ आणि इस्फहानमध्ये तिला खातम म्हणतात, आजही चालते. तिथून सिंध, सिंधमधून सुरत आणि सुरतेहून मुंबई, असा तिचा प्रवास मानला जातो. मुंबई-सुरतेत हे काम मुख्यतः पारशी कारागिरांच्या हाती होतं. पेटीगरा हे पारशी आडनाव पेट्या करणाऱ्यांचंच आहे. लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात मुंबईच्या पेट्या होत्या आणि त्यानंतर इंग्रज घरांत शिवणकामाच्या पेट्या, लिहायच्या उतरत्या पेट्या, हातमोज्यांच्या पेट्या अशा रूपांत त्या खूप गेल्या. जॉर्ज बर्डवुड हे नाव मुंबईकरांना माहीत असायला हवं. भायखळ्याचं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभं राहण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी १८८० मध्ये भारतातल्या हस्तकलांवर जे पुस्तक लिहिलं त्यात ह्या कामाचं वर्णन आहे.

साहित्य ऐकलंत तर थक्क व्हाल: चंदन, आबनूस, पतंगाचं लाल लाकूड, पांढरं हस्तिदंत, हिरवं रंगवलेलं हस्तिदंत, हरणाचं शिंग आणि कथील. तुम्हाला लहानपणी दिसलेले चकाकणारे ठिपके कथलाचे. कथील मऊ, लाकडाच्या करवतीने लाकडाबरोबरच कापलं जातं, म्हणून ते निवडलं असणार असं मला वाटतं.

हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. ते योग्यच झालं. पण त्याबरोबर ही कला मरायला हवी होती असं मुळीच नाही. कला त्या दातात नव्हती, मोळी बांधण्यात होती. तुम्ही ती शिवणीच्या लाकडात करताय, ह्याचा मला मनापासून आनंद झालाय.

अंगण:

मी सुतारकामातलं काही जाणत नाही, पण तुमची चांदणी बघून सांगते, ही ठिपक्यांची रांगोळी आहे. तीन ते दोन. मधल्या ओळीत तीन ठिपके, वर दोन, खाली दोन, वरच्या ओळीतले ठिपके खालच्या दोन ठिपक्यांच्या बेचक्यात. प्रत्येक ठिपक्यावर एक चांदणी काढली की मध्ये एक आणि भोवती सहा, सात चांदण्या होतात. आमच्याकडे दिवाळीत सात ते चारची काढतात, तिच्यात बरोबर हाच सांगाडा असतो. झाकणावर एकटी चांदणी उघडी पडेल. सात घाला.

आणि दोन चांदण्यांमधल्या खाचा रिकाम्या ठेवू नका. रांगोळीत आपण तिथे पाकळी भरतो ना, तशी तिसऱ्या रंगाची.

सागवानी:

अंगणताई, तुमचं वाचल्यावर रात्री ठिपक्यांच्या वहीत काढून पाहिलं आणि अंगावर काटा आला. चांदणीच्या सहा खाचांत त्याच मापाच्या आणखी सहा पाकळ्या बरोबर बसतात, खाचेचा कोन १२० आणि पाकळीचा मोठा कोनही १२०. बाराही बसल्या की बाहेरची कड नेमकी षटकोनी होते, बाजू पाकळीच्या दुप्पट, १८ मिमी. म्हणजे सात षटकोन मधमाशांच्या पोळ्यासारखे एकमेकांना लागून बसतील, मध्ये काहीही भरावं लागणार नाही. सगळं मिळून साधारण ९४ बाय ९० मिमी. अकरा इंची झाकणाच्या मध्यावर शोभेल. खाचांसाठी पिवळं लाकूड हवं. हेदूचे तुकडे टिंबर मार्केटमध्ये मिळतात का बघतो.

टोकियोकर:

इथे जपानमध्ये हाकोनेला हेच काम योसेगी नावाने चालतं. एदो काळाच्या अखेरीस हाताजुकु गावच्या इशिकावा निहेई ह्यांनी ते सुरू केलं असं सांगतात. मी दोनदा जाऊन कारागिराशेजारी उभा राहिलोय. ते रंग अजिबात लावत नाहीत, पांढरं, पिवळं, काळं, तपकिरी, सगळं झाडाचंच. ठोकळा तयार झाला की करवतीने चकती न कापता मोठ्या रंध्याने त्याचा पापुद्रा काढतात, इतका पातळ की हातात घेतला तर वळकटी होते. इस्त्रीने सपाट करून पेटीवर चिकटवतात. नव्या वर्षाच्या हाकोने रिले धावशर्यतीत पहिल्या दिवशी जिंकणाऱ्या संघाचा करंडकही योसेगीचा असतो.

सागवानी, घरच्या रंध्याने पापुद्रा काढायच्या नादी लागू नका. तिथे पात्याची धार लावायला माणसाची अर्धी हयात जाते. तुमची चकती जाड असणं तुमच्या फायद्याचं आहे, पुढे कधी ओरखडा पडला तर पुन्हा तासता येईल.

सागवानी:

झाली! पहिली मोळी झाली. कांड्या नव्याने कापल्या, ६० ला जुळवून पात्याचं चाक अगदी किंचित पुढे नेलं. तीन-तीन जोडल्या. वाळल्यावर अर्ध्या चांदणीला गुण्या टेकवला, मध्यावर उजेडाची बारीक रेघ दिसली, म्हणजे खळगा, जसा हवा तसा. काचेवर २२० चा पेपर, पंधरा-वीस हात मारले, दर तीन हातांनी बघत. उजेड गेला. दोन्ही अर्ध्या जोडल्या. दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडली आणि टोकाची पहिली चकती कापली. सहाच्या सहा टोकं एका बिंदूत. मी आईला हाक मारली. तिने चष्मा लावून चकती उजेडात धरली आणि म्हणाली, "सांधा कुठाय?"

खाचांतल्या हेदूच्या पाकळ्या मात्र प्रत्येकी हाताने जुळवाव्या लागल्या, कारण चूक आता तिकडे गेली आहे. दोन पाकळ्या पेपरवर घासून बसवल्या, बाकी चार तशाच बसल्या.

चकत्यांचा हिशेब: २०० मिमी मोळी, अडीच मिमीची चकती, एक मिमी करवतीत जातो. कागदावर सत्तावन्न, टोकं आणि तुटलेल्या सोडून सत्तेचाळीस हाताला लागल्या. झाकणाला सात पुरतात. उरलेल्या अर्ध्या कापून पेटीच्या चारी बाजूंना पट्टा करायचा विचार आहे.

पहिल्या दहांत शिवणीची टोकं करवत बाहेर पडते तिथे उडत होती. मग मोळीभोवती वर्तमानपत्राचा कागद पातळ फेव्हिकॉलने चिकटवून वाळवला आणि कागदासकट कापलं. त्यानंतर एकही टोक उडालं नाही.

वाकस:

शाब्बास. आता बसवताना घाई नको. सात चकत्या आधी एकमेकींना जोडून एकच फूल करा, मग ते झाकणावर ठेवून भोवती सुरीच्या टोकाने रेघ मारा. पेन्सिल नको, पेन्सिलच्या रेघेला जाडी असते आणि पटाशी कुठल्या बाजूला धरायची ते कळत नाही. सुरीच्या खाचेत पटाशीची धार आपोआप बसते. खोली चकतीपेक्षा कमी ठेवा. फूल अर्धा मिमी वर राहू दे, नंतर तासून सपाट करायचं.

तासायला पॉलिश पेपर वापरलात तर शिसवाची काळी धूळ शिवणीच्या रेषांत शिरेल आणि पांढरा भाग कायमचा मळकट होईल. आमच्याकडे काचेच्या तुकड्याने तासतात. खिडकीची काच फोडायची, नवी धार असलेला तुकडा दोन्ही हातांत घट्ट धरायचा, जाड हातमोजे घालून, आणि थोडा तिरका धरून ओढायचा. धूळ होत नाही, केसासारखे छिलके निघतात. पेपर मारायचाच असेल तर आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात द्या, रेषा बंद होतात, मग मारा.

मेपलखालची:

मी मिशिगनला आहे. इथे शिवण, हेदू काही मिळत नाही. काळ्यासाठी अक्रोड, पांढऱ्यासाठी मेपल घेतलंय. पिवळ्याला काय घेऊ? आणि एक वेगळा प्रश्न: शिसवाची पेटी भारतातून इकडे आणता येते का?

जुनी मुंबई:

शिसवाच्या सगळ्या जातींचा व्यापार २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियमांत आहे. तयार वस्तूंना एका खेपेत दहा किलो लाकडापर्यंत सूट आहे, तेव्हा एका पेटीला हरकत यायला नको. चंदनाची जुनी पेटी असेल आणि तिच्यात हस्तिदंत असेल तर मात्र ती विमानात घेऊन निघूच नका.

गुण्या:

पिवळ्यासाठी ओसेज ऑरेंज तुमच्या भागात मिळायला हवं, कापल्यावर हळदीसारखं पिवळं दिसतं. पण उन्हाने ते तपकिरी होतं. हे सगळ्याच रंगांचं आहे. आपल्याकडे फणसाचं लाकूड कापल्या दिवशी पिवळंधमक असतं, दोन-तीन वर्षांत मधाच्या रंगावर जातं. पतंगाचा लाल आणखी लवकर उतरतो. म्हणून नक्षी आखताना रंगांवर भिस्त ठेवू नका, गडद आणि फिकट ह्यांतल्या फरकावर ठेवा. मोबाइलवर फोटो काळा-पांढरा करून बघा. त्यातही चांदणी दिसत असेल तर ती पन्नास वर्षांनीही दिसेल. मेपल-अक्रोड जोडी त्या दृष्टीने फार चांगली आहे.

सागवानी:

वाईट बातमी. फूल बसवलं, काचेने तासून सपाट केलं, आरशासारखं झालं होतं. मग आठ दिवस सतत पाऊस. आज झाकण टेबलावर ठेवलं तर मधून फुगलंय, चारही कोपरे टेकतात आणि मध्ये नखभर पोकळी. दोन षटकोनांमध्ये केसाएवढी भेगही दिसते. व्हर्नियर लावला, मे महिन्यात झाकणाची रुंदी २०३ होती, आता २०४ ला थोडीशी वर. काय करू? लग्नाला अजून वेळ आहे, पण मन खट्टू झालंय.

गुण्या:

मन खट्टू करू नका, हे दुरुस्त होतं आणि ह्यातून पेटी अधिक चांगली होईल.

काय झालं ते सांगतो. लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं, पण रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जवळजवळ नाही, आडवं मात्र फुगतं. तुमचं झाकण अखंड सागाचं, म्हणून ते रुंदीत वाढलं, लांबीत नाही. चकत्या मात्र आडव्या कापलेल्या, त्यांच्या रेषा उभ्या, खालून वर. म्हणजे चकती दोन्ही दिशांना फुगते. खालची फळी एका दिशेला, वरचं फूल दोन दिशांना, वर दोन्हींचा वेग वेगळा. त्यात फूल एकाच बाजूने चिकटलेलं, वरचा भाग जास्त पसरला, झाकण वर उचललं गेलं.

उपाय: झाकणाची मधली फळी बदला. अखंड सागाऐवजी चांगल्या मरीन प्लायचा तुकडा घ्या, भोवती सागाची चौकट द्या. प्लायचे थर आडवे-उभे असल्यामुळे तो दोन्ही दिशांना थोपवून धरतो. फुलाच्या भोवती उरलेली जागा सागाच्या दोन मिमी पट्ट्यांनी मढवा. आणि आतल्या बाजूला, आरशाच्या मागे, तेवढ्याच जाडीच्या सागाच्या पट्ट्या चिकटवा. दोन्ही बाजूंना सारखं ओझं असलं की झाकण कुठे वाकणार? आरसा त्यावर बसेल, कुणाला दिसणारही नाही.

तुम्ही विचाराल, मग जुन्या पेट्या दीडशे वर्षं कशा टिकल्या? सगळ्या टिकल्या नाहीत. ज्या आहेत त्यांच्यात उचकटलेले तुकडे आणि भेगा असतातच. पण सरस गरम पाण्याने सुटतो, त्यामुळे तुकडा काढून पुन्हा बसवता येतो. त्या पेट्या दुरुस्त होऊ शकतात म्हणून जगल्या.

चिंचेचं पान:

फूल वाचवता येईल का त्या झाकणावरून? की सात नव्या चकत्या?

सागवानी:

नव्या. चाळीस उरल्या आहेत, म्हणूनच मोळी सुंदर गोष्ट आहे. जुनं झाकण फेकणार नाही, कपाटावर ठेवलंय.

वाकस:

पॉलिश आता करू नका. चपड्याचं पॉलिश पावसात पांढरं पडतं, स्पिरिट उडताना हवेतली ओल धरते आणि दुधाळ डाग राहतात. दसरा होऊ दे. एक लिटर स्पिरिटला दोनशे ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून, सुती कापडातून गाळून. आत कापूस, बाहेर मलमल अशी पोटली करा, गोल गोल हात फिरवा, थांबू नका, थांबलात तिथे चिकटेल. रोज दोन हात, आठ-दहा दिवस. शिवणीच्या टोकांकडे लक्ष ठेवा, उभी रेष जास्त पिते, तिथे पहिले दोन हात वाळल्यावर पुन्हा द्या.

फटी बुजवायला भुसा आणि डिंक घालू नका, तो डाग काळपट उमटतो. चपड्याची कांडी मेणबत्तीवर मऊ करून फटीत दाबा.

सागवानी:

दिवाळी होऊन आठ दिवस झाले. प्लायवर नवं झाकण, आत सागाच्या पट्ट्या, फूल मध्यावर, पॉलिशचे सतरा हात. दोन महिने झाले, व्हर्नियर एकाच आकड्यावर आहे. चांदणीभोवतीच्या भेगा नाहीत. बाजूच्या पट्ट्याला एकोणतीस चकत्या लागल्या, अर्ध्या करून, कोपऱ्यावर चांदणी दुमडल्यासारखी दोन बाजूंना वाटली गेली आहे. हे मुद्दाम केलं नव्हतं, मापात आपोआप आलं. एका कोपऱ्यात नाही जमलं, तिथे पाव पाकळी कमी पडते. तशीच ठेवली.

पितळी बिजागऱ्या जुन्या पेटीच्या मापाच्या नाहीत मिळाल्या. एका तांबटाने बनवून दिल्या. त्यांचे स्क्रू प्लायमध्ये न घेता सागाच्या चौकटीत घेतले, आधी गिरमिटाने भोक पाडून, मेण लावून.

अंगणताई, भाची परवा बघून गेली. झाकणावरून बोट फिरवत म्हणाली, ही तर आजीच्या दारातली रांगोळी. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

काल आईने तिच्या पेटीतला पितळी करंडा आणून नव्या कप्प्यात ठेवून पाहिला. बसला, पण झाकण लागेना. करंड्याच्या टोपणावरची मोरनी आरशाला अडत होती. जुन्या झाकणापेक्षा नवं झाकण पट्ट्यांमुळे अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड आहे, ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. आज कप्प्याचा तळ पटाशीने एक सूत खोल केला. आता झाकण लागतं, आणि करंडा हलत नाही.